सतरावं नाव

दिवाळीनंतर सांगलीच्या गावभागातल्या 'वझे रेकॉर्डिंग'मध्ये कॉम्प्युटर आला आणि बहीणभावांचं बोलणं बंद झालं. त्याआधी ते फार गोडीगुलाबीचं होतं अशातला भाग नाही. पण चारुशीला आणि सुमंत निदान एकमेकांवर ओरडत तरी होते. आता कामापुरतं बोलायचं, आणि तेही भिंतीकडे बघून.

चारुशीला बेचाळीस वर्षांची होती. वडिलांच्या, म्हणजे नारायणराव वझ्यांच्या उजव्या हाताला ती सोळाव्या वर्षी बसली आणि तिथून उठलीच नाही. मोठ्या चाकांच्या टेप मशीनवर फीत कशी चढवायची, नको तो शब्द दाढीच्या पात्याने कसा कापायचा, जोड कसा ऐकू येऊ द्यायचा नाही, हे सगळं तिच्या अंगवळणी पडलं होतं. लग्नाचं बोलणं कोणी काढलं की ती म्हणायची, "आधी हा भजनाचा आवाज स्वच्छ करू दे." तो स्वच्छ झाला की दुसरा यायचा. नारायणराव गेले तेव्हा लोक तिच्या सांत्वनाला आले, आणि ती मात्र उद्याच्या रेकॉर्डिंगला कोण येणार ते वहीत बघत होती.

सुमंत तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. पुण्यात जाहिरातींची गाणी करणाऱ्या एका स्टुडिओत त्याने आठ वर्षं काढली, आणि वडील गेल्यावर बायकोला, श्रद्धाला, घेऊन तो सांगलीला परतला. आल्या आल्या तो काय म्हणाला? "अर्धा वाटा माझाही आहे." बरोबर होतं ते. कायद्याने बरोबर होतं म्हणूनच चारुशीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठ वर्षांत एकदा म्हणून त्याने वडिलांच्या मशीनवरची धूळ पुसली नव्हती.

ते मशीन आता खरोखरच थकलं होतं. त्याचे सुटे भाग मिळेनात, आवाज खरखरायला लागला. कॉम्प्युटर घ्यायचा, एवढ्या एकाच गोष्टीवर दोघांचं एकमत झालं. त्याच्यावर सॉफ्टवेअर कोणतं घालायचं यावर मात्र दोघं हमरीतुमरीवर आली.

सुमंतने त्याचं सॉफ्टवेअर पुण्याहून आणलं. त्याचं इंग्रजी नाव चारुशीलाने कधी तोंडातून काढलं नाही, ती त्याला 'चौकट' म्हणायची. पडदाभर नुसते चौकोन. आधी लय ठरवायची, तीसुद्धा आकड्याने. मग एकेका मात्रेला एकेक चौकोन. त्यात कॉम्प्युटरमधलेच ढोल-ताशे भरायचे आणि गाणाऱ्याच्या कानात टिकटिक सोडून त्याला म्हणायचं, हं, गा. एखादी ओळ छान आली तर ती उचलून पाहिजे तितक्या ठिकाणी चिकटवायची. वाजवणारा आला नाही तरी अडत नाही. सुमंत एकटा बसून दुपारभरात आइस्क्रीमवाल्याची जाहिरात तयार करायचा, आणि ती वाईट नसायची. हे चारुशीलालाही कळत होतं, पण तिने ते कधी कबूल केलं नाही.

तिने स्वतःसाठी शोधलं ते वेगळं. कोल्हापूरच्या एका दुकानात दोन दिवस ठाण मांडून, दुकानदाराचं डोकं खाऊन, तिने ते पारखलं होतं. त्याला ती 'फीत' म्हणायची. पडद्यावर एक लांबलचक रेघ, डावीकडून उजवीकडे जाणारी. लाल बटण दाबायचं की समोरचा माणूस जसा गातो तसा उतरत जातो. पात्याऐवजी माउसने कापायचं, जोडायचं. लय काय, ताल काय, हे त्या सॉफ्टवेअरला माहीतच नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

"हे म्हणजे बाबांचं मशीन टीव्हीवर दाखवल्यासारखं झालं," सुमंत म्हणाला. "एवढंच करायचं तर कॉम्प्युटर घेतला कशाला?"

"आणि तुझी चौकट म्हणजे माणसाला आधी पेटीत घालायचं, झाकण लावायचं आणि मग गा म्हणायचं."

"सगळं जग असंच करतं, ताई."

"जगाकडे वाघ्या-मुरळी येतात का रेकॉर्डिंगला? आपल्याकडे येतात. त्यांची लय गाण्याबरोबर चढते. तू आकडा कुठला टाकणार? सुरुवातीचा, मधला की शेवटचा?"

"त्यांना सवय होईल."

"सवय त्यांनी करायची? सुम्या, सॉफ्टवेअर आपण विकत घेतोय. त्याने आपल्याला नाही."

दोन्ही ठेवावीत म्हटलं तर तेही जमेना. एक असताना दुसरं घातलं की कॉम्प्युटरच्या आवाजाच्या कार्डात काहीतरी बिनसायचं आणि अख्खा पडदा थिजायचा. सुमंतचा पुण्याचा मित्र अनीश फोनवरून दोन तास सूचना देत राहिला आणि शेवटी वैतागून म्हणाला, "एक काहीतरी ठेवा रे बाबांनो. ही दोन एका घरात नांदणार नाहीत." ते ऐकून श्रद्धा आत जाऊन तोंड दाबून हसली.

एक ठेवायचं म्हणजे काय, ते दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. मशीन एक, त्याच्यासमोर खुर्ची एक. ज्याचं सॉफ्टवेअर राहील तो खुर्चीवर बसणार. दुसऱ्याने वायरी गुंडाळायच्या, माइक पुसायचे, आलेल्याला चहा विचारायचा. सुमंतला निदान पुण्याची वाट मोकळी होती. चारुशीलाला त्या खुर्चीपलीकडे या जगात काही नव्हतं.

जानेवारीत मिरजेचे नानासो आले. जत्राजत्रांतून जीप फिरवून कॅसेटी विकायचा त्यांचा धंदा होता, आणि वझ्यांचं निम्मं काम त्यांच्याकडूनच यायचं. ते आले ते अर्जुना गोंधळ्याचं काम घेऊन. लोणंदच्या बाजूला निंबदरा म्हणून गाव आहे, तिथला हा गोंधळी. साठीचा माणूस, खंडाळा तालुक्यात त्याच्या आवाजाला तोड नाही म्हणत. चैत्रात निंबदऱ्याच्या वाघजाईची यात्रा, त्याआधी कॅसेट बाजारात यायला हवी होती.

बहीणभावांनी नानासोंसमोरच भांडण काढलं. शरम नव्हतीच. नानासोंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि पानाचा विडा गालात सारत म्हणाले, "कॅसेटला बाजू किती? दोन. एक बाजू तुमी करा, एक ह्यांनी करावी. मी ऐकतो. जी मला आवडंल, तसंच काम हितनं म्होरं. हाय काय अन् न्हाई काय!"

सुमंतने लगेच 'ए' बाजू मागून घेतली. ती लोक आधी ऐकतात ना. त्या बाजूला गोंधळाचं आवतण होतं आणि दोन पदं. चारुशीलाच्या वाट्याला 'बी' बाजूचं आख्यान आलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिची खात्री होती, अर्जुना एकदा टिकटिक ऐकून गायला लागला की सुमंतचं आपोआप हसं होणार.

अर्जुनमामा पॅसेंजरने आले, बरोबर संबळ वाजवणारा त्यांचा चुलतभाऊ नाथाजी. सुमंतने मामांच्या कानाला हेडफोन लावला आणि चौकट सुरू केली. मामांनी दोन ओळी म्हटल्या आणि हेडफोन काढून हातात घेतला.

"धाकलं मालक, ह्ये कानात कोण खुरपतंय?"

"ती लय आहे मामा. तिच्याबरोबर चालायचं."

"लय हितं हाय की," मामांनी नाथाजीच्या संबळाकडे बोट केलं. "त्यो माझ्यासंगं चालतोय. ह्ये यंत्र चालंल का माझ्यासंगं?"

चारुशीला दाराशी उभी राहून हे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते सुमंतला दिसलं आणि तो इरेला पेटला. त्याने टिकटिक बंद केली. मामांना त्यांच्या पद्धतीने गाऊ दिलं, तुकड्या-तुकड्याने उतरवून घेतलं. हे तुकडे नंतर ताणून, आखडून आपल्या चौकोनांत बसवायचे, असा त्याचा बेत होता. अक्कलहुशारीत तो कमी नव्हता, हे तिला मनातल्या मनात मान्य करावंच लागलं.

आवतणात मामा एकेका गावच्या देवीला नाव घेऊन गोंधळाला बोलावत होते. प्रत्येक नावाला संबळाचा एक फेरा. सोळा नावं झाली, नाथाजीचा हात थांबला. सुमंतने सुटकेचा निःश्वास टाकला. पण मामा थांबले नव्हते. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले, आणि संबळाशिवाय, तुणतुण्याशिवाय, नुसत्या बोलक्या आवाजात सतरावं नाव घेतलं, निंबदऱ्याच्या वाघजाईचं. सुमंत तोवर पुढच्या पदासाठी दुसरा माइक सरकवायला वळला होता.

चहाच्या वेळी चारुशीलाने विचारलं, "मामा, शेवटचं नाव बिनवाद्याचं का?"

"आवं ताईसाब, ती घरचीच हाय," मामा बशीत चहा ओतत म्हणाले. "पावण्यास्नी वाजवून बोलवायचं. घरच्या बाईला वाजंत्री लागती व्हय? तिला नुसती हाक मारायची. पर ती हाक मारल्याबिगर गोंधळ उभा ऱ्हात न्हाई. आमच्या घरात सात पिढ्या अशीच रीत हाय."

सुमंत तेव्हा आत कॉम्प्युटरशी झटत होता. त्याने यातलं काही ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी चौकट काढून फीत घालण्यात अर्धा दिवस गेला. मग चारुशीलाने मामांना आख्यान लावायला सांगितलं, माइक जरा मागे घेतला, लाल बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. चाळीस मिनिटं मामा थांबले नाहीत. लय कुठे सुरू झाली आणि कुठे जाऊन पोचली याचा पत्ता लागू नये, असं ते गाणं होतं. तिने नंतर दोन खोकले कापले, एका जागी जोड दिला, संपलं. अशी बाजू वडिलांनी ऐकली असती तर त्यांनी पाठीवर हात ठेवला असता, असं तिला वाटलं आणि डोळ्यांत पाणी आलं. ते कोणी बघायच्या आत तिने पुसलं.

चौकट परत घातल्यावर सुमंतला पुढे आठ दिवस लागले. तो तुकडे जोडत होता, ढोल भरत होता, मागे कीबोर्डचे सूर सोडत होता. जेवायला बोलावलं तरी उठत नव्हता.

मग नानासो आले. 'ए' बाजू लावली. पहिल्याच ढोलाला त्यांनी मांडीवर थाप मारली. "आयला! ह्येच्यावर पोरं नाचणार, जीपम्होरं गर्दी हटायची न्हाई." आवतण निम्मं झालं तेवढ्यात त्यांनी पुढचं पद लावायला लावलं, त्याचंही कौतुक केलं. 'बी' बाजू त्यांनी सहा-सात मिनिटं ऐकली. "ह्ये बी चांगलं हाय," ते म्हणाले. "म्हातारी माणसं ऐकतील."

सहा-सात मिनिटं! चारुशीलाला वाटलं, याच्या तोंडावर तो विडा फेकून मारावा.

सुमंतने जिंकल्यावर गप्प बसावं की नाही? नाही बसला. "ताई, फीत आता परत घालायची नाही," तो म्हणाला. "कोल्हापूरवाला परत घेतो का बघ. आणि उद्या बँजो पार्टी येतेय, त्यांच्या वायरी तेवढ्या मोकळ्या करून ठेव." नानासोंच्या देखत म्हणाला, आणि चारुशीलाने वायरी मोकळ्या करून ठेवल्या.

कॅसेटची मूळ प्रत पुण्याला छपाईला, म्हणजे तिच्या प्रती काढायला, जायची होती. स्टुडिओतून बाहेर जाणारी प्रत केली एकाने तर ऐकायची दुसऱ्याने, ही नारायणरावांची पद्धत. सुमंतने टेप तिच्यापुढे ठेवली. "तूच ही पद्धत लावून धरतेस ना? ऐक. संध्याकाळच्या गाडीने पाठवायची आहे." आणि तो जेवायला आत गेला.

भर दुपार होती. चारुशीलाने हेडफोन लावला. चुका शोधायलाच ती बसली होती, पण बाजू स्वच्छ होती. मामांचा आवाज चौकोनात बसवताना त्याचा जीव गेला होता, हे खरं. पण ते सांगून कोणाला कळणार? आवतण आलं. सवयीने ती नावं मोजत गेली. चौदा, पंधरा, सोळा. सोळाव्या नावावर ढोल घुमला, थांबला आणि लगेच पुढच्या पदाचा ठेका सुरू झाला.

तिने टेप मागे घेतली. परत ऐकलं. वाघजाई नव्हतीच.

काय झालं असेल ते तिला तिथल्या तिथे उमजलं. चौकटीत गाणं शेवटच्या ठोक्याला संपतं. त्यापुढे ठोका नाही म्हणजे काही नाही. सुमंतने सोळाव्या फेऱ्यावर शेवटाची खूण ठोकली असणार आणि पुढचं सगळं उरलंसुरलं म्हणून कापून टाकलं असणार. त्याने शेवटचं नाव ऐकलंसुद्धा नसेल. तिच्या फितीत असं होणं शक्यच नव्हतं. हेच तर ती तीन महिने घसा कोरडा करून सांगत होती!

आतून सुमंतचा आवाज येत होता. तो श्रद्धाला नानासोंनी मांडीवर थाप कशी मारली ते करून दाखवत होता. श्रद्धा हसत होती.

उठून आत जायचं आणि सांगायचं, एवढंच काम होतं. त्याने अर्ध्या तासात नाव जोडलं असतं, टेप गाडीला वेळेत गेली असती. आणि चौकट कायमची खुर्चीत बसली असती. चारुशीला उठली नाही. तिला दिसलं ते असं : यात्रेत कॅसेट वाजणार, लोक विचारणार, हे कोणी केलं? नानासो सांगणार, सुमंत वझ्याने. मग बघू किती ढोल वाजवतो. अर्जुनमामांचं काय, हा विचार आला नाही असं नाही. आला होता. मामा काय, ते तर गायलेत, त्यांना कोण बोलणार, असं म्हणून तिने तो बाजूला सारला.

सुमंत हात पुसत बाहेर आला. "ऐकलीस?"

"ऐकली."

"मग?"

"ठीक आहे," चारुशीला म्हणाली.

चैत्रात, यात्रेच्या तिसऱ्या दिवशी नानासोंची जीप दारात येऊन थांबली. नानासो चप्पल न काढता आत आले. त्यांनी एक खोकं धाडकन टेबलावर आपटलं, त्यातल्या कॅसेटी जमिनीवर विखुरल्या.

"कुणी केलं ह्ये? आं? देवळाम्होरं टेप लावला, सगळं गाव हात जोडून हुबं. सोळा नावं झाली. आता आईचं नाव येणार म्हणून बाया पदर सावरून वाकल्या, अन् तुमचं ढिंगच्याक ढिंगच्याक! आईला बोलावलंच न्हाई! पुजाऱ्यानं टेप फोडला. माझ्या जीपची काच फोडली."

"कुठलं नाव?" सुमंतने विचारलं. त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

नानासोंनी त्याच्यापुढे हात जोडले. "ते तुमचं चौकोनी खूळ आजपासनं बंद. माझं काम ताईसाबांनी करायचं, त्यांच्या पद्धतीनं. न्हाईतर मला दुसरे स्टुडिओ हायत."

सुमंत कॉम्प्युटरकडे धावला. मामांचे मूळ तुकडे त्यात नव्हते. जागा पुरेना म्हणून त्याने ते फेब्रुवारीतच पुसून टाकले होते आणि त्या जागी एका क्लासची जाहिरात भरली होती. मग कोणी न सांगता त्याने चौकट काढली, फीत घातली आणि खुर्चीवरून उठला.

चारुशीला त्या खुर्चीवर बसली. खोटं कशाला बोलायचं, तिला आनंद झाला. आठ दिवस ती नुसती तरंगत होती. सुमंत वायरी गुंडाळत होता, माइक पुसत होता, टोमणा मारला तरी उलट बोलत नव्हता. ती मुद्दाम त्याच्याकडून एकच वायर दोनदा गुंडाळून घ्यायची.

नवव्या दिवशी दुपारी अर्जुनमामा आले, एकटेच. श्रद्धाने आणलेलं पाणी ते उभ्याउभ्याच प्यायले आणि सतरंजीवर टेकले. जानेवारीत पाहिलेला माणूस निम्मा झाला होता.

"नाथाजी नाही आले?" चारुशीलाने विचारलं.

"त्यो आता दुसऱ्यासंगं वाजवतोय. यात्रेचा गोंधळ औंदा फलटणकडच्या गोंधळ्यांनी घातला. म्होरं बी त्यास्नीच मान द्यायचा म्हणत्यात." ते साध्या आवाजात सांगत होते, तक्रार नव्हती. "गाव म्हणतंय, अर्जुनानं सांगलीला जाऊन आईला इकली. माझ्या पोरीच्या व्हणाऱ्या सासरचं सोयरीक मोडायची भाषा करत्यात. देवळात जातो तर बाया पाठ फिरवत्यात."

लोक कॅसेटवरचं बारीक अक्षर वाचतील आणि वझ्यांकडे बोट दाखवतील, असं चारुशीलाने धरलं होतं. गावाला सॉफ्टवेअर काय माहीत? त्यांनी मामांचा आवाज ऐकला, त्या आवाजाने देवीला हाक मारली नाही, संपलं.

"मी हाक मारली व्हती," मामा म्हणाले. "तुमी दोघं व्हता हितं. ती मूळची टेप द्या, पंचांम्होरं वाजवतो."

सुमंत पुढे होऊन त्यांच्यासमोर खाली बसला. "मामा, ती नाही आता. मी पुसली. नाव पण मीच कापलं. मला कळलंच नाही की ते गाण्यातलं आहे, मला वाटलं गाणं संपलं." त्याने मामांच्या पायाला हात लावला. "मी येतो तुमच्या गावात. पंचांपुढे सांगतो, चूक माझी आहे. मला काय बोलायचं ते बोलू देत."

"याल?"

"आत्ता येतो." मग तो चारुशीलाकडे न बघता म्हणाला, "आमचं दोघांचं पटत नाही, मामा, तुम्ही बघितलंच आहे. पण टेप पाठवायच्या आधी मी ताईला ऐकायला दिली होती. तिच्या कानातून काही सुटत नाही. तिला सापडलं असतं तर तिने मला चार शिव्या घालून लगेच सांगितलं असतं. माझ्यावर कितीही राग असला तरी कामात ती असं होऊ देणार नाही. तिलाच सापडलं नाही, म्हणजे माझं नशीबच वाईट."

गप्प बसणं एवढं सोपं कधीच नव्हतं. मामाही मान हलवत होते. सुमंत बायकोला पिशवी भरायला सांगायला उठला. तो तिला वाटेल ते बोलला असता, बाबांच्या देखत बोलायचा तसं वेडंवाकडं बोलला असता, तर चारुशीला शेवटपर्यंत गप्प राहिली असती. पण त्याने तिची बाजू घेतली होती. कॉम्प्युटर आल्यापासून पहिल्यांदा, आणि तीही मनापासून.

"मला सापडलं होतं," ती म्हणाली.

सुमंत थांबला. "काय?"

"सोळाव्यानंतर नाव नाही, हे मला ऐकू आलं होतं. दोनदा ऐकलं."

"कवा?" मामांनी विचारलं.

"कॅसेट छापायला जायच्या आधी. त्याच दुपारी."

"मग?"

तिला पुष्कळ काही सांगता आलं असतं. चौकटीबद्दल, फितीबद्दल, तीन महिने कोणी तिचं ऐकलं नाही त्याबद्दल. "मला हा हरायला हवा होता," तिने सुमंतकडे बोट केलं. "त्याशिवाय मला ही खुर्ची मिळाली नसती."

सुमंत चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने आत जाऊन दार लावून घेतलं.

मामा गुडघ्यावर हात देऊन उठले. त्यांनी डोक्याचा पटका सारखा केला.

"धाकल्या मालकास्नी ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "त्यास्नी ठावं नव्हतं. तुमी चला."

"कुठे?"

"निंबदऱ्याला. पाचची पॅसेंजर हाय. उद्या देवळात पंच बसत्यात, बायाबापड्या समदी असत्यात. तितं हुबं ऱ्हाऊन सांगा."

"काय सांगू, मामा?"

"आत्ता जे सांगितलं त्येच." ते दारापर्यंत गेले आणि वळले. "पर हितं लय हळू बोलला. तितं समद्यास्नी ऐकू जाईल असं बोला."

आणि ते पायऱ्या उतरून रस्त्यावर तिची वाट बघत उभे राहिले.